वाचकांचे प्रश्न : घरच्या डीव्हीडीचा आवाज सगळ्यांच्या घरी यावा म्हणून

लग्न, शाळेचं स्नेहसंमेलन, नामसप्ताह, बेळगावची चित्ररथ मिरवणूक, गावचं साहित्य संमेलन. चित्रण आता मोबाइलवर होतं, पण आजी-आजोबांना, गावाकडच्या पाहुण्यांना आणि देवस्थानच्या कपाटात ठेवायला अजूनही डीव्हीडी मारली जाते. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच दुखणं आहे. चित्र दिसतं, पण आवाज येत नाही. येतो तर एकाच प्लेअरवर येतो. येतो तर बारीक येतो किंवा ओठांशी जुळत नाही. म्हणून हे सगळं सदर आवाजासाठीच.

प्रश्न : मुलाच्या लग्नाची दोन तासांची डीव्हीडी घरीच करतोय. सॉफ्टवेअर विचारतं की आवाज पीसीएम, डॉल्बी डिजिटल, एमपेग की डीटीएस? कॉप्या बेळगाव, कोल्हापूर आणि अमेरिकेत मुलीकडं जाणार. कुठला घ्यावा? (खानापूर)

उत्तर : डॉल्बी डिजिटल घ्या. काही सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच एसी३ म्हणतात. सेटिंग असं ठेवा : दोन चॅनेल स्टीरिओ, ४८ किलोहर्ट्झ, २२४ किलोबिट. लग्नाच्या चित्रणात भाषणं, मंगलाष्टकं आणि बँड एवढंच असतं, त्याला १९२ किलोबिटही चालतं. पण २२४ने जागा फारशी जात नाही, म्हणून तिथं हात आखडता घेऊ नये.

हाच का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी सॉफ्टवेअर बदललं तरी अडणार नाही. डीव्हीडी व्हिडिओच्या नियमांत आवाजाचे मोजकेच प्रकार बसतात. पीसीएम आणि डॉल्बी डिजिटल प्रत्येक डीव्हीडी प्लेअरला वाजवता आलेच पाहिजेत, मग तो कुठल्याही देशातला असो. एमपेग आवाज, म्हणजे एमपी२, वाजवणं फक्त पाल पद्धतीच्या देशांतल्या प्लेअरना सक्तीचं आहे. पाल आणि एनटीएससी या टीव्ही चित्राच्या दोन पद्धती, पाल सेकंदाला २५ फ्रेमची, एनटीएससी साधारण ३०ची. भारत पाल देश, अमेरिका एनटीएससी. त्यामुळे एमपी२ घातलेली डिस्क तुमच्याकडे, कोल्हापुरात वाजेल आणि अमेरिकेत मुकी राहू शकेल. डीटीएस तर सगळीकडेच ऐच्छिक आहे. ज्या प्लेअरमध्ये तो उलगडणारा भाग नाही, तिथं लाल-पांढऱ्या पिनांतून काहीच येत नाही. घरच्या डिस्कवर एकटा डीटीएस कधीच ठेवू नका. एमपी३ आणि एएसी डीव्हीडी व्हिडिओत बसतच नाहीत. मोबाइलचा आवाज बहुधा एएसीमध्येच असतो, म्हणून तो बदलावा लागतो.

राहिला पीसीएम. तो सगळीकडे वाजतो आणि त्यात काहीच गाळलेलं नसतं, तरी दोन तासांच्या लग्नाला तो नको, कारण जागा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टीरिओ पीसीएमला सेकंदाला १५३६ किलोबिट लागतात, म्हणजे तासाला ६९१ एमबी. २२४चा डॉल्बी तासाला १०१ एमबीत भागतो. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास भरायचे तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण ५२०० किलोबिट वाट्याला येतात. मेन्यू आणि बांधणीचा खर्च सोडला की ५०००. पीसीएम घेतला तर चित्राला ३४५० उरतात, डॉल्बी घेतला तर ४७७५. अक्षता पडताना, वरातीत, फुलं उधळताना चित्र चौकोनी फुटतं ते याच फरकामुळे. आवाजात कुणालाही न जाणवणारा फायदा मिळवायला चित्राचं जाणवणारं नुकसान कशाला?

अमेरिकेचा मुद्दा वेगळा. तिकडचे बरेच प्लेअर पाल डिस्क घेतच नाहीत. इकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही मात्र दोन्ही पद्धती घेतात. मोबाइलवर सेकंदाला ३० फ्रेमनी चित्रण झालं असेल तर सगळ्याच कॉप्या एनटीएससीत करा. ३०ची २५ करताना येणारे हिसकेही टळतील. एनटीएससी डिस्कवर एकटा एमपी२ नियमात बसत नाही, त्यामुळे तिथं डॉल्बी डिजिटल आणखीच पक्का. रिजनच्या, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालेल त्या जागी ‘सर्व’ निवडा.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या डीव्हीडीत टाळांचा आवाज फसफसल्यासारखा येतो. पखवाज ठीक आहे. डॉल्बी सोडून पीसीएम केला तर सुटेल का? (येळ्ळूर)

उत्तर : सुटेलही आणि सुटणारही नाही. आवाज आधी कुठं बिघडला ते बघा.

टाळ, झांज, चिपळ्या हा कुठल्याही आवाज-दाबणीचा सगळ्यात कठीण पेपर आहे. त्यांची ऊर्जा वरच्या पट्टीत असते आणि प्रत्येक ठोका एकदम उसळतो. बिट कमी पडले की एन्कोडर, म्हणजे आवाज दाबणारा प्रोग्राम, पहिली काटछाट तिथंच करतो. पखवाजाचा घुमारा खालच्या पट्टीत असल्यामुळे तो वाचतो. सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं १२८ किलोबिट घेतलेले असतील तर फसफस तिथूनच आली. फाइल मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये उघडा आणि ऑडिओच्या ओळीत बिटरेट बघा. १२८ दिसला तर मूळ रेकॉर्डिंगवरून २५६ने पुन्हा करा. डिस्कवरच्या फाइलवरून करू नका. गाळून गेलेलं परत येत नाही.

मूळ रेकॉर्डिंगमध्येच टाळ फुटत असेल तर पीसीएमनं काहीही होणार नाही. मोबाइल टाळकऱ्यांच्या पुढ्यात ठेवला की माइक भरून जातो आणि लाटेचा माथा सपाट कापला जातो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये लाट मोठी करून बघा. वरखाली सरळ कापल्यासारखी रेघ दिसली की दोष फॉरमॅटचा नाही. पुढच्या वेळी माइक वीणेकऱ्याच्या आणि गायकाच्या बाजूला घ्या, टाळकऱ्यांपासून आठ-दहा फूट लांब, आणि मोजपट्टीवर सगळ्यात मोठा ठोका वजा ६ डेसिबलच्या आतच राहील एवढी पातळी ठेवा.

पीसीएमचा खरा उपयोग एका ठिकाणी आहे : मिक्सरवरून थेट वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या फाइलमध्ये रेकॉर्डिंग झालंय आणि कार्यक्रम तासाभराच्या आत आहे. तासाला एवढी जागा असते की चित्राला ६००० किलोबिट देऊनही पीसीएम सहज बसतो. तेव्हा जरूर घ्या, भजनाला तो शोभतो. पण १६ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या वर जाऊ नका. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ नियमात बसतो खरा, पण त्याला एकट्यालाच ४६०८ किलोबिट लागतात. चित्राचा गळा आवळला जातो आणि साधा प्लेअर तो बाहेर काढताना बहुधा खालीच आणतो.

प्रश्न : गावाची माहिती देणारी पंचवीस मिनिटांची फिल्म शाळेनं केली आहे. मराठी आणि कन्नड अशी दोन निवेदनं एकाच डीव्हीडीवर हवीत, रिमोटनं बदलता यावीत. कसं करावं? (खानापूर तालुक्यातील शिक्षक)

उत्तर : आपल्या भागात ही सोय फार कमी लोक वापरतात. वापरायला हवी; त्यासाठी फिल्म दोनदा करावी लागत नाही. एका चित्राबरोबर डीव्हीडीवर आठपर्यंत आवाजाचे ट्रॅक बसतात.

चित्र एकदाच संपादित करून पक्कं करा. निवेदन त्यानंतर. कन्नड वाक्य मराठीपेक्षा लांबलं म्हणून मध्येच चित्र वाढवलं की मराठी ट्रॅक घसरतो आणि मग दोन्ही पुन्हा बसवावे लागतात. मराठी निवेदन अधिक पार्श्वसंगीत अशी एक वेव्ह फाइल, कन्नड निवेदन अधिक तेच पार्श्वसंगीत अशी दुसरी. संगीत दोन्हींत वेगवेगळं मिसळावं लागतं, कारण प्लेअर एका वेळी एकच ट्रॅक वाजवतो. संगीत तिसऱ्या ट्रॅकवर ठेवून चालत नाही. दोन्ही फाइलींची लांबी चित्राइतकीच असू द्या. जी लहान असेल तिच्या शेवटी शांतता भरा.

आता दोन्ही एकाच साच्यात काढा : डॉल्बी डिजिटल, स्टीरिओ, ४८ किलोहर्ट्झ, १९२ किलोबिट. ऑडॅसिटीतून एसी३ काढायचा तर एफएफएमपेगची लायब्ररी आधी जोडावी लागते. ते जमत नसेल तर वेव्हच द्या, डीव्हीडी बांधणारं सॉफ्टवेअर बदलून घेईल. एक पीसीएम आणि एक डॉल्बी असं करू नका. मुलांनी रिमोटवरचं ऑडिओ बटण दाबलं की आवाज एकदम कमी-जास्त होतो, काही प्लेअर तर बदलताना टक्क करतात.

डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये चित्राच्या फाइलीला दुसरी आवाजाची फाइल जोडता येते. प्रत्येक ट्रॅकला भाषेचं दोन अक्षरी चिन्ह द्या. मराठीचं एमआर, कन्नडचं केएन. यादीत सापडलं नाही तरी अडत नाही; पडद्यावर भाषेच्या नावाऐवजी ऑडिओ १, ऑडिओ २ एवढंच दिसेल. पण इथं एक गफलत होते, ती ध्यानात ठेवा. डिस्क टाकल्यावर कोणता ट्रॅक लागेल हे प्लेअरच्या भाषा-सेटिंगवरही ठरतं. बऱ्याच प्लेअरच्या यादीत मराठी नाही आणि कन्नडही नाही. अशा वेळी पहिलाच ट्रॅक लागतो. म्हणून डिस्कच्या सुरुवातीला दोन बटणांचा मेन्यू करा, एकावर ‘मराठी’, दुसऱ्यावर ‘ಕನ್ನಡ’ हे कन्नड लिपीतच, आणि प्रत्येक बटणाला त्याचा ट्रॅक जोडा. कन्नड वाचणाऱ्या आजोबांना देवनागरीत ‘कन्नड’ लिहिलेलं काय कामाचं?

तुमच्याकडे डीव्हीडी नव्हे, व्हीसीडीच (साध्या सीडीवरची जुनी व्हिडिओ डिस्क) चालत असेल तर तिथं दुसरा ट्रॅक नसतो. तिथली जुनी युक्ती अशी की मराठी डाव्या चॅनेलवर, कन्नड उजव्या चॅनेलवर, आणि रिमोटवरच्या एल-आर बटणानं निवड. फक्त एन्कोड करताना ‘जॉइंट स्टीरिओ’ बंद ठेवा. तो प्रकार दोन्ही बाजूंतलं सारखेपण शोधून बिट वाचवतो आणि मराठीच्या मागे कन्नडची कुजबुज ऐकू यायला लागते. साधा स्टीरिओ किंवा ‘ड्युअल चॅनेल’ घ्या.

प्रश्न : सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर असतात. अर्ध्या तासानंतर आवाज मागं पडतो. एसी३ बदलून एमपी२ केलं, तरी तेच. (निपाणी)

उत्तर : फॉरमॅट बदलून हे जाणार नाही, कारण दोष डिस्कवर जायच्या आधीच झालेला आहे. आधी फरकाचा स्वभाव ओळखा. डिस्क तीन जागी बघा : सुरुवातीला, मध्यावर, शेवटी.

फरक सगळीकडे तेवढाच असेल तर ते सोपं आहे. संपूर्ण आवाज तेवढा पुढे किंवा मागे सरकवा.

फरक हळूहळू वाढत जात असेल तर दोनपैकी एक. मोबाइलचं चित्रण असेल तर बहुधा बदलता फ्रेमदर. उजेड कमी झाला की फोन सेकंदाला ३०च्या जागी २४-२५ फ्रेम घेतो. आवाज मात्र घड्याळाप्रमाणे चालू राहतो. संपादन करणारं सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम सारख्या अंतराच्या समजून मोजतं आणि तिथंच चित्र-आवाजाची फारकत होते. मीडियाइन्फोत ‘व्हेरिएबल’ दिसलं तर संपादनाला घेण्याआधी फाइल स्थिर फ्रेमदरमध्ये बदलून घ्या. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ हा पर्याय आहे. तिथं गुणवत्तेचा आकडा १८च्या आसपास ठेवा, नाहीतर या मधल्या पायरीतच चित्र खराब व्हायचं.

दुसरं कारण आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतल्याचं. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि रेकॉर्डरचं घड्याळ तंतोतंत सारखं कधीच नसतं. दहा लाखांत पन्नास एवढा बारीक फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद होतो, म्हणजे साडेचार फ्रेम. निवेदकाच्या ओठांवर तो दिसतो. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवून घ्या. सुरुवातीची टाळी जुळवा, शेवटच्या टाळीचा फरक मोजा आणि आवाजाची लांबी तेवढ्या टक्क्यांनी बदला. तासाला अर्धा सेकंद फरक असेल तर ते ०.०१४ टक्के. ऑडॅसिटीतल्या वेग बदलण्याच्या सोयीनं हे होतं. स्वर एवढ्यानं हलत नाही.

फरक टप्प्याटप्प्यानं उडी मारत वाढत असेल तर तुकडे जोडताना चूक झाली आहे. डॉल्बीची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची, पाल चित्राची ४० मिलिसेकंदांची. प्रत्येक तुकड्याचा आवाज आधीच एसी३ करून मग जोडला की प्रत्येक सांध्यावर थोडी भर पडते, आणि तीस-चाळीस तुकड्यांनंतर ती ओठांवर दिसते. म्हणून शेवटपर्यंत वेव्हमध्येच काम करा, सगळं जोडून झालं की एकाच दमात एसी३ करा. बदलत्या बिटरेटची एमपी३ फाइल मध्ये आणू नका. तिच्या लांबीचा अंदाज काही सॉफ्टवेअर चुकवतात.

जुन्या मिनी-डीव्ही कॅसेट उतरवत असाल तर आणखी एक तपासा. बऱ्याच कॅमेऱ्यांवर आवाज १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर ठेवलेला असायचा. ऑडिओ सीडीवरून घेतलेलं गाणं ४४.१चं असतं. डिस्कसाठी सगळं ४८ला आणा आणि ते रूपांतर करूनच आणा. फक्त फाइलीवरचा आकडा बदलला तर ४४.१चं गाणं जवळजवळ ९ टक्के वेगानं धावेल आणि गायिकेचा स्वर दीड पट्टी वर चढेल.

प्रश्न : आमच्या डीव्हीडीचा आवाज विकतच्या डिस्कपेक्षा फार बारीक. टीव्ही ४०वर न्यावा लागतो. (संकेश्वर)

उत्तर : यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत.

डॉल्बीच्या फाइलीत आवाजाबरोबर ‘डायलॉग नॉर्मलायझेशन’ नावाचा एक आकडा जातो. प्लेअर तो वाचतो आणि आवाज तेवढा खाली आणतो. काही एन्कोडर हा आकडा वजा २७ धरतात. त्यानं ४ डेसिबल कमी होतात. वजा ३१ ठेवला की प्लेअर काहीच कमी करत नाही. घरच्या डिस्कसाठी वजा ३१ ठेवा. शेजारीच ‘डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन’ असतं, तिथं सहसा ‘फिल्म स्टँडर्ड’ निवडलेलं दिसेल. ते बंद करा. नाहीतर भाषणाच्या मध्येच टाळ्या पडल्या की मागचा आवाज दबतो आणि परत वर येतो, तो श्वास घेतल्यासारखा हेलकावा ऐकू येतो.

दुसरी गोष्ट रेकॉर्डिंगच मुळात हळू असण्याची. एन्कोड करण्याआधी सगळ्यात मोठी लाट वजा ३ डेसिबलपर्यंत आणा. शून्याला टेकवू नका. दाबलेला आवाज उलगडताना थोडा वर जातो आणि कर्रकर्र होते. फटाक्याचा एकच बार सगळ्यावर असेल आणि बाकीचं हळू, तर तो बार तेवढा हातानं खाली आणा आणि मग सगळं वाढवा.

आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून येत असेल तर कॅमेऱ्याला लावलेला माइक एकाच चॅनेलवर गेला आहे. डावं उजव्यात उतरवून दोन्ही सारखे करा आणि स्टीरिओच काढा. एका चॅनेलचा डॉल्बी नियमात बसतो, पण होम थिएटरवर तो मधल्या एकाच स्पीकरमधून येतो. उलट, साध्या स्टीरिओ रेकॉर्डिंगचं ५.१ करणारी बटणंही टाळा. निवेदन मागच्या स्पीकरवर फिरायला लागतं आणि ४४८ किलोबिट फुकट जातात.

प्रश्न : हॉलमध्ये ऑप्टिकल वायरनं प्लेअर अँप्लिफायरला जोडला, आवाजच नाही. घरी टीव्हीवर येतो. (बेळगाव)

उत्तर : प्लेअरच्या सेटअपमध्ये डिजिटल आउटपुट ‘रॉ’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर असेल, ते ‘पीसीएम’वर करा. रॉवर प्लेअर डॉल्बी न उलगडता तसाच पाठवतो आणि हॉलच्या जुन्या अँप्लिफायरला तो कळत नाही. कार्यक्रमाला पाच मिनिटं उरली असतील तर सेटअप शोधत बसू नका. लाल-पांढरी पिन लावा, तिथून नेहमी उलगडलेलाच आवाज येतो.

प्रश्न : डिस्कवर ऑडिओ-टीएस फोल्डर रिकामा आहे. आवाज गेलाच नाही का? (हुक्केरी)

उत्तर : गेला आहे. तो फोल्डर डीव्हीडी ऑडिओ या वेगळ्या प्रकारासाठी राखलेला असतो, तो रिकामाच असायचा. तुमचा आवाज व्हिडिओ-टीएसमधल्या व्हीओबी फाइलींत चित्राबरोबरच गुंफलेला आहे. मात्र रिकामा म्हणून पुसू नका. काही जुने प्लेअर तो दिसला नाही तर डिस्क घेत नाहीत.

प्रश्न : नव्या प्लेअरवर चांगली चालते, जुन्यावर आवाज अडखळतो, मध्येच गप्प होतो. (जांबोटी)

उत्तर : घरी मारलेल्या डिस्कवरून परत येणारा प्रकाश छापील डिस्कपेक्षा कमी असतो. जुन्या प्लेअरचं लेन्स थकलेलं असलं की वाचताना त्याची दमछाक होते आणि सगळ्यात आधी आवाज तुटतो. नियमानं एकूण वेग १००८० किलोबिटपर्यंत जाऊ शकतो, पण घरच्या डिस्कवर चित्र आणि आवाज मिळून कमाल ८००० ठेवा. चित्राची कमाल मर्यादा ७५०० केली आणि त्यावर पीसीएमचे १५३६ चढवले की ९०००च्या वर गेलात. डॉल्बी घेतला तर ७७००च्या आसपास थांबता. पीसीएम घातलेल्या डिस्क जुन्या प्लेअरवर जास्त अडखळतात, त्याचं कारण हेच.

बाकी काळजी : जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर सगळ्यात बरी. डीव्हीडी+आरच असेल आणि तुमचा राइटर परवानगी देत असेल, तर बुकटाइप, म्हणजे डिस्कवरची प्रकाराची खूण, ‘डीव्हीडी-रॉम’ करा. १६एक्सची डिस्क ८एक्सनं मारा, डिस्क ‘फायनलाइज’ करा, म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद करा, आणि इमगबर्न या डिस्क मारण्याच्या प्रोग्राममध्ये ‘व्हेरिफाय’वर टिक ठेवा. कागदी लेबल चिकटवू नका. फिरताना तोल जातो. जांबोटी-कणकुंबी भागातल्या पावसात डिस्क प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांत ठेवल्या तर ओल धरतात. त्यांना कडक डबी द्या आणि डब्या उभ्या ठेवा. डिस्क मारताना वीज गेली की ती डिस्क फुकट जाते, म्हणून संगणकाला यूपीएस असू द्या. चाचणीसाठी पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू वापरत असाल तर एवढं लक्षात घ्या की तिचा परतणारा प्रकाश आणखी कमी असतो. ती जुन्या प्लेअरवर चालली नाही म्हणून तुमची बांधणी चुकली असं होत नाही. त्या प्लेअरसाठी एक साधी डिस्क खर्ची घालून बघा.

प्रश्न : वडिलांकडं फक्त व्हीसीडी प्लेअर आहे. डीव्हीडीचीच फाइल सीडीवर घातली तर? (चिकोडी)

उत्तर : चालणार नाही, व्हीसीडीचे नियम डीव्हीडीच्या उलट आहेत. तिथं डॉल्बी नाही आणि पीसीएमही नाही, फक्त एमपी२ : ४४.१ किलोहर्ट्झ, स्टीरिओ, नेमके २२४ किलोबिट, कमी-जास्त न होणारे. चित्र एमपेग-१, ३५२ गुणिले २८८, सेकंदाला २५ फ्रेम, ११५० किलोबिट. सॉफ्टवेअरमध्ये ‘पाल व्हीसीडी’ हा तयार साचा निवडला की हे सगळं आपोआप बसतं. त्यातला एकही आकडा चित्र सुधारेल म्हणून वाढवू नका. ७०० एमबीच्या सीडीवर साधारण ८० मिनिटं मावतात. ४८ किलोहर्ट्झचा आवाज तसाच ढकलला तर काही प्लेअर गप्प बसतात, काही आवाज ताणून वाजवतात.

प्रश्न : प्लेअरला पेनड्राइव्ह लागतो. मग मोबाइलची एमपी४ तशीच घालू का? (उचगाव)

उत्तर : टीव्हीच्या यूएसबीला लावणार असाल तर तशीच घाला, एमपी४मधला एएसी आवाज आताचे टीव्ही वाजवतात. डीव्हीडी प्लेअरच्या यूएसबीचं तसं नाही. बरेच प्लेअर तिथं एव्हीआय फाइल, आत एक्सव्हिड चित्र आणि एमपी३ आवाज, एवढंच ओळखतात. आवाज ४८ किलोहर्ट्झ, १९२ किलोबिट आणि स्थिर बिटरेटचा करा. चित्राची रुंदी ७२०च्या आत ठेवा. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून लांब कार्यक्रमाचे दोन भाग पाडा, आणि तो भाग भाषणाच्या किंवा अभंगाच्या मध्ये न तोडता दोन्हींच्या मधल्या शांततेत तोडा.